पहिलं माप मुक्याने

इलियासचाचा तांदळाचं पहिलं माप मोजताना बोलत नसत. गोणीत लोखंडी शेर खुपसायचा, शीग चढेपर्यंत भरायचा आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत रिता करायचा, हे सगळं ओठ मिटून. मग दुसरा शेर भरताना मोठ्याने म्हणायचं, "दोन." मग "तीन." मग "चार." दिवसभरात कितीही गिऱ्हाइकं आली तरी त्यांची मोजणी दोनपासूनच ऐकू यायची.

पनवेलला उरण नाक्याच्या आत, मोहल्ल्याच्या तोंडाशी त्यांचं धान्याचं दुकान होतं. डाळी, साखर, गहू तराजूवर. उकडा तांदूळ मात्र शेराने, कारण आसपासच्या गावांतल्या बायकांचा किलोवर विश्वास नव्हता. आम्ही वरच्या माडीवर राहायचो. माझ्या अभ्यासाच्या खिडकीतून खाली पाहिलं की चाचांची विणलेली पांढरी टोपी, शेर आणि गोणीचं उघडं तोंड एवढंच दिसायचं. मराठी एम. ए.ची दोन वर्षं मी त्या "दोन, तीन, चार"वर वाचन केलं.

"चाचा, पयलं माप मुक्यानं का टाकतंस रं?" तळोज्याकडची शांती दर आठवड्याला विचारायची. तिची शेती कारखान्यांत गेली होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती तांदूळ विकत घेत होती, त्यामुळे प्रत्येक दाण्यावर तिची नजर असे. "जो मोजला नाय तो फुकट, हाय का नाय?"

"फुकट समज."

"मंग मी रोज एकच शेर नेन!"

दुकानातली सगळी हसायची. चाचाही हसायचे. पण पुढच्या गिऱ्हाइकाचं पहिलं माप पुन्हा मुक्यानेच.

आपल्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. "लाभ" म्हणतात. मुसलमान घरांत "बरकत" म्हणतात. चाचांच्या बायको, सुगराचाची, रोजच्या भाताला तांदूळ काढताना पहिल्या वाटीला बरकत म्हणायच्या. चाचा दोन्ही म्हणत नसत. माझ्या आईने एकदा सहज विचारलं, तर ते म्हणाले, "वहिनी, आधीचं एक उघडं राहिलंय."

"काय उघडं राहिलंय?"

"माप."

आईला काही कळलं नाही. तिने जिना चढता चढता मला सांगितलं आणि ती विसरली. मी विसरले नाही. पुढे जे कळलं ते बरंचसं सुगराचाचींकडून, थोडं त्यांच्या मुलाकडून, आणि अगदी थोडं खुद्द चाचांकडून.

लग्नाआधी चाचा पनवेलच्या एका भातगिरणीत दयाराम नावाच्या मापाऱ्याच्या हाताखाली होते. त्या काळी गिरणीत भात मापाने यायचं, आणि मापारी जे बोलेल ते खरं. दयारामने त्यांना एकच नेम घालून दिला होता. लाभ म्हटलास की उठायचं नाही. मागे साप निघाला तरी माप पुरं करायचं. मधे उठलास तर लाभ तिथेच बसून राहतो. चाचा गिरणीत लाभ म्हणायला शिकले ते तेव्हा. "गिरणीत लाभ, घरात बरकत, नि खिशात काहीच नाही," असं सुगराचाची म्हणायच्या.

मोहल्ल्यातली पोरं कुवेतला, दमामला जायची. चाचांना एजंटाने लायबेरियाला पाठवलं. नकाशात ते कुठे आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. मोन्रोव्हिया नावाच्या गावात मुंबईच्या एका शेठचं तांदळाचं गोदाम होतं, तिथे कोठीवाला म्हणून. चाचा घाबरत गेले आणि पहिल्याच सकाळी त्यांना ओळखीचा वास आला. त्या देशात उकडाच तांदूळ खातात. सुगराचाचींना त्यांनी सुट्टीत आल्यावर सांगितलं होतं की तिथली माणसं दिवसभर केळी खातील, मासे खातील, पण भात पोटात गेला नाही तर संध्याकाळी म्हणतात, आज जेवलोच नाही. तांदळाचा भाव वाढणार म्हणून तिथे एकदा मोठी दंगल झाली होती. "अगदी आपली माणसं," चाचा म्हणायचे, "फक्त मिरची आपल्यापेक्षा जास्त."

गोदामाच्या फाटकाशी बायका बसायच्या. सकाळी गोदामातून तांदूळ उचलायचा, दिवसभर रिकाम्या टिनाच्या डब्याने मापून विकायचा. त्यांच्यात कॉर्टो नावाची एक वयस्क बाई होती. सगळे तिला मा कॉर्टो म्हणायचे. चाचा तिच्या परातीत माप टाकताना लाभ म्हणायचे. तिने विचारलं, हे काय? चाचांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, हे म्हटल्याशिवाय सुरुवात होत नाही, आणि म्हटलं की माप पुरं होईपर्यंत उठायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून मा कॉर्टो फाटकाशी बसून गिऱ्हाइकांना पहिला डबा "लाभ" म्हणून घालायला लागली. मग शेजारणीही. चाचांना त्याचं फार हसू यायचं. सुट्टीत आले की बाजेवर बसून तिची नक्कल करायचे, ओठांचा चंबू करून, मान हलवून. सुगराचाची म्हणायच्या, "ही मा कॉर्टो दिसायला कशी आहे हो?" चाचा म्हणायचे, "तुझ्या सासूसारखी. फक्त बोलायला गोड."

नव्वद साली तिथे लढाई शहरापर्यंत आली. शेठ आधीच निघून गेला होता. जाताना सांगून गेला, गोदाम बंद ठेवायचं, भाव चढू दे. बंदरात जहाजं येईनाशी झाली. गोदाम वरपर्यंत भरलेलं, आणि फाटकाबाहेर रिकाम्या पराती. चाचा सकाळी पुढचं दार थोडं उघडायचे आणि बायकांना थोडं थोडं मोजून द्यायचे. शेठला कळलं असतं तर नोकरी गेली असती, पण शेठला कळवायला तारही राहिली नव्हती.

त्या सकाळी मा कॉर्टो पहिली होती. चाचांनी माप भरलं, लाभ म्हटलं, परातीत ओतलं. दुसरं भरायला वाकले तेवढ्यात शेठच्या मॅनेजरची जीप आली. शेजारच्या देशात, फ्रीटाउनला बोट सुटतेय, शेवटची असेल, आत्ता बस नाहीतर राहा. चाचा उठले. मा कॉर्टोला म्हणाले, "उद्या, मा. बाकीचं उद्या." बाहेर आले, दार ओढलं, कुलूप घातलं आणि जीपमध्ये बसले. बोटीवर खिशात हात गेला तेव्हा किल्ली लागली.

"कुलूप घालायची काय गरज होती?" सुगराचाची हे सांगताना दरवेळी मलाच विचारायच्या, जणू मी घातलं होतं. "परत जायचंच नव्हतं. उघडं टाकून आले असते तर? पण कोठीवाल्याचा हात ना. दार ओढलं की कुलूप."

घरी आल्यावर चाचा बरेच महिने रेडिओ घेऊन बसत. मोन्रोव्हियाला वेढा पडलाय, माणसं रानातला पाला उकडून खातायत, अशा बातम्या यायच्या. चाचा बातम्या संपेपर्यंत ताटाला हात लावत नसत. नमाजानंतर त्यांची दुआ लांबायला लागली. सुगराचाचींनी एकदा दाराआडून कान दिला. नवरा अल्लाहकडे मागत होता, माझं कोठार फोडू दे. कोणीही फोडू दे. माझ्या कोठारात एक दाणा ठेवू नको.

"जन्मभर राखण केली नि आता चोरांसाठी दुआ मागतोय," चाची म्हणायच्या.

त्यानंतर त्यांनी दुकान टाकलं. गादीच्या वर, खिळ्याला ती किल्ली टांगली. लोकांना वाटे दुकानाचीच आहे. संध्याकाळी दुकान बंद करताना चाचा शटर अर्धं ओढायचे आणि वाकून आत बघायचे. कुलूप हातात धरून उभे राहायचे. मी वरून बघायची. आत कोणी नसायचं. उंदीर, गोण्या, आणि ओट्यावर उपडा घातलेला शेर. तरी त्यांचा चेहरा असा असायचा की मला खिडकी लावून घ्यावीशी वाटे.

सत्त्याण्णव साली त्या देशात निवडणूक झाली, लढाई थांबली. चाचांचा मुलगा नावेद तेव्हा न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटाकडे होता. उकड्या तांदळाचे कंटेनर पुन्हा पश्चिम आफ्रिकेला निघायला लागले होते. एका व्यापाऱ्याला मोन्रोव्हियात माल उतरवून घ्यायला माणूस हवा होता. नावेदने हो म्हटलं आणि मग घरी सांगितलं.

भांडण दुकानातच झालं. मी जिन्यात होते.

"सगळी दुनिया तिथून पळून आली," सुगराचाची म्हणाल्या, "नि तू पळत तिथे चाललास?"

"अम्मी, सुलह झालीये आता. लोकांना तांदूळ पाहिजे, बाजार उघडतोय. जो पहिला जाईल त्याचं बस्तान बसेल."

"बस्तान इथे बसव. दुकानात बस."

"दुकानात अब्बा आहेत ना."

"अब्बा इथे कुठे आहेत?" चाची म्हणाल्या. "अब्बा अजून तिथेच आहेत. आता तूही जा. मी एकटी शेर घेऊन बसते."

चाचा शांतीची पिशवी भरत होते. त्यांनी मोजणी पुरी केली. मग उठून खिळ्यावरची किल्ली काढली आणि नावेदपुढे धरली.

"गोदाम बंदरापासून जवळच आहे. कुलूप कोणी फोडलं तेवढं विचार."

"अब्बा, कुलूप राहिलं असेल का?"

"राहिलं नसावं म्हणूनच विचारतोय. नि मा कॉर्टोचं विचार. फाटकाशी बसायची."

"ह्ये काय मुलगा पाठवतंस का चिठ्ठी?" शांती मध्येच म्हणाली. कोणी हसलं नाही. तिने पिशवी डोक्यावर घेतली आणि निघून गेली.

नावेद गेला. चाचांकडे फोन नव्हता, आमच्याकडे होता. तो रविवारी फोन करायचा. मी खिडकीतून हाक मारायची आणि चाचा जिना चढून यायचे. त्या फोनमध्ये आपलाच आवाज थोड्या वेळाने परत ऐकू यायचा. चाचा "हॅलो" म्हणत आणि त्यांचंच "हॅलो" कुठून तरी परत येई. ते पहिल्यांदा इतके दचकले की रिसीव्हर त्यांनी माझ्या हातात दिला. मग मी त्यांना समजावलं, बोला आणि थोडं थांबा, मग नावेद बोलेल.

पहिल्या फोनला नावेदने शहराचं सांगितलं. वीज नाही. ज्याच्याकडे जनरेटर तो शेठ. बंदरात बुडालेल्या बोटी तशाच उभ्या, त्यांच्या कडेकडेने जहाज आत घ्यावं लागतं. छपरांचे पत्रे, खांबांवरच्या तारा, घरांची दारं, सगळं लोकांनी काढून विकून खाल्लं. खाणींचं लोखंड बंद, रबराच्या बागांत आता कुठे चीक काढायला सुरुवात झालीये. नोटासुद्धा दोन जातींच्या. शहरात एक चालते, काही भागांत दुसरी. "पण बाजार भरतो, अब्बा. सरकारच्या आधी बायकांनीच सुरू केला. उन्हात, चिखलात, परात घेऊन बसतात. त्यांनी डबा भरला तर गाव जेवतं."

चाचांनी विचारलं, "आपला रस्ता?"

"अजून गेलो नाही. जाईन."

त्यानंतर काही रविवार फोन आला नाही. चाचा मात्र दर रविवारी वर येऊन बसायचे. आई चहा द्यायची. बाबा वर्तमानपत्र वाचायचे. चाचा फोनकडे बघत नसत, माझ्या पुस्तकांकडे बघत. एकदा म्हणाले, "एवढं सगळं वाचून कळतं का काही, बेटा?" मी म्हटलं, "कधी कधी." ते म्हणाले, "चांगलं आहे."

मग एका रविवारी फोन आला. चाचांनी दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला. ते फक्त "हं" म्हणत होते. मधे एकदा म्हणाले, "मागची?" आणि पुन्हा "हं." एकदा डोळे मिटून त्यांनी हळू आवाजात काहीतरी विचारलं, ते मला ऐकू आलं नाही. शेवटी म्हणाले, "पाणी उकळून पीत जा," आणि फोन ठेवला.

"काय म्हणतोय नावेद?" बाबांनी विचारलं.

"कुलूप शाबूत आहे."

बाबांना त्या कुलपाची गोष्ट माहीत नव्हती. "एवढ्या लढाईत? वा! कुठलं होतं हो कुलूप?"

"अलीगढचं," चाचा म्हणाले. "इथूनच नेलं होतं मी. मिरची गल्लीतून."

बाबा कौतुकाने हसले. चाचाही थोडं हसले आणि जिना उतरून गेले. खाली गेल्यावर त्यांनी दुकान उघडलं नाही. ओट्यावर बसून राहिले. मला वाटलं, मागितलेली दुआ फुकट गेली, सगळा तांदूळ आत कुजला, असं त्यांना कळलं असावं. मी तसंच समजून होते.

खरं काय ते पुढच्या वर्षी नावेद ईदला आला तेव्हा कळलं. तो शीरखुर्म्याचा डबा द्यायला वर आला होता. जिन्यातच थांबून बोलला.

"दार आहे, अनुया. रस्त्याकडचं पोलादी दार तसंच उभं आहे, कुलूप लटकतंय. मी किल्ली घातली, फिरत नाही, गंजलंय. बाजूने वळून बघितलं तर मागे काहीच नाही. मागची भिंत ट्रकने पाडली होती. बंदूकवाले आधी आले, ट्रक भरून नेले. मग लोक. लोकांनी फरशीवरची माती चाळून दाणे नेले म्हणे. म्हणजे अब्बांनी जे मागितलं ते झालं होतं. अब्बांची बोट फ्रीटाउनला लागली असेल नसेल तेव्हाच."

"मग?"

"मा कॉर्टो पुढच्या दाराशी बसून होती."

मी जिन्याची एक पायरी खाली उतरले.

"बाजारातल्या एका बाईने सांगितलं. सगळे तिला हाका मारत होते, मा, मागे ये, मागून तांदूळ मिळतोय. ती म्हणायची, माझं माप सुरू झालंय. तो मधे उठणारा माणूस नाही, उद्या येतो म्हणालाय. परात मांडीवर घेऊन बसून राहिली. मग सगळी वस्तीच उठली, माणसं पायी निघाली. त्यांच्यात ती होती की नव्हती ते कोणाला माहीत नाही. नंतर तिला कोणी बघितलं नाही."

खाली चाचांचा आवाज आला. "दोन." मग, "तीन."

"हे सगळं फोनवर सांगितलंस त्यांना?"

"नाही सांगणार होतो. ते नुसते हं हं म्हणत होते, मग मीच बोलत गेलो. शेवटी त्यांनी एकच विचारलं. तिच्या परातीत पहिलं माप होतं ना, म्हणाले. मी म्हटलं, असणार, अब्बा." तो डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिला. "एक मात्र त्यांना सांगितलं तेव्हा ते नीट ऐकत होते की नाही कोण जाणे. तिथे अजून बायका पहिल्या डब्याला लाभ म्हणतात. काल-परवा बसायला लागलेल्या पोरीसुद्धा. मी एकीला विचारलं, याचा अर्थ काय? ती म्हणाली, अर्थ कशाला, सुरुवात अशी करतात."

नावेद पुन्हा गेला. तिथे काम वाढत होतं. सुगराचाची आता भांडत नव्हत्या. चाचांची मोजणी दोनपासूनच चालू राहिली. एक गोष्ट तेवढी बदलली. संध्याकाळी ते आता वाकून आत बघत नसत. शटर सरळ खाली ओढत आणि मग मान वळवून बाजूच्या बोळातून दुकानाच्या मागच्या अंगाला, गटाराकडच्या भिंतीकडे बघत. तिथे काहीच नव्हतं. वाळत घातलेली गोणपाटं होती. ते तिथे इतका वेळ बघत की मीही माझ्या खिडकीतून वाकून बघत राही, आणि एकदा दोनदा मला गोणपाटाच्या आडोशाला कोणी बसलेलं आहे असं वाटलं. मी हे कोणाला सांगितलं नाही.

त्याच वर्षी हिवाळ्यात, दिवेलागणीला, चाचांनी शटर अर्धं ओढलं होतं. शांती धावत आली. तिची तळोज्याची बस चुकली होती आणि पुढची यायला वेळ होता.

"चाचा, बंद केलंस? ऱ्हाऊ दे, उद्या आलू तरी चालंल."

चाचांनी शटर पुन्हा वर केलं.

"अरे, उद्या न्हेते म्हनलं ना! एवडी काय घाई हाय?"

ते आत गेले, गोणीचं तोंड सोडलं, शेर घेतला. मी तेव्हा दिवा लावत होते, खिडकीपाशी नव्हते. पुढचं शांतीने सांगितलं. तिने शपथेवर सांगितलं की त्या संध्याकाळी चाचांनी पहिलं माप मोठ्याने मोजलं, लाभ म्हणाले, आणि ते तिच्याकडे न बघता तिच्या मागे रस्त्याकडे बघत होते. तिने मागे वळून पाहिलं. रस्त्यात न्हावा शेव्याकडे निघालेला एक कंटेनर अडकला होता आणि रिक्षावाले ओरडत होते. दुसरं कोणी नव्हतं. सुगराचाचींना हे खरं वाटत नाही. शांतीला गोष्टीला मीठ लावायची सवय आहे, असं त्या म्हणतात.

मोजणी पुरी झाली. चाचांनी शेर ओट्यावर उपडा ठेवला. शांतीने पिशवी उचलून डोक्यावर घेतली आणि ती निघाली. कोपऱ्यापर्यंत पोचते तोच मागे आरडाओरडा झाला म्हणून परत आली. चाचा गोणीला टेकून बसले होते, टोपी घसरून कानावर आली होती, श्वास थांबला होता. शटर उघडं होतं आणि कुलूप त्याच्या कडीत नुसतंच अडकवलेलं होतं.

शांती पिशवी घेऊन निघाली तेव्हा ते तिला म्हणाले होते, "खालून धर गं, शिवण कच्ची आहे."